आधी उपाशी महिना शोध

बाळा,

रात्री साडेअकराला तू गुलाबाच्या पानाचा फोटो पाठवलास आणि खाली विचारलंस, "काका कोणतं औषध मारू?" तेव्हाच फोन करणार होतो पण ही म्हणाली झोपू दे तिला आणि तुम्हीही झोपा. मला काही झोप आली नाही. म्हणून सकाळी चहा झाल्या झाल्या लिहायला बसलोय, लांबलं तर लांबलं.

पानाच्या कडेला नाणं ठेवून कापल्यासारखी गोल गोल कापं आहेत ना? अळीचं काम असं नसतं. अळी कशीही कुरतडते, वर लेंड्या टाकून ठेवते. इतकं सफाईदार कापते ती पानकापी माशी. मधमाशीचीच लांबची बहीण, पण ही मोहोळ करत नाही, एकटीच राहते. पानाचा तुकडा कापायचा, एखाद्या पोकळ काडीत नाहीतर भिंतीच्या भोकात न्यायचा, त्याची पुंगळी करायची, आत परागाचा गोळा ठेवायचा आणि त्यावर एक अंडं घालायचं, की दुसरा तुकडा आणायला परत तुझ्या गुलाबावर. गुलाबाचं ह्यात काहीही बिघडत नाही. म्हणजे चार महिने तू जिच्यासाठी अठराशे रुपयांचं ऑनलाइन बियाण्याचं पाकीट, लव्हेंडरची रोपं आणि भिंतीवरचं ते बी हॉटेल, म्हणजे माश्यांना राहायला भोकाभोकांचं घर, असा सगळा खटाटोप केलास ती आली होती. आणि तू विचारतेस काय मारू.

रागावलो नाही. म्हणजे रागावलोय थोडा, पण तुझ्यावर नाही. त्या "औषध" शब्दावर. आमच्याकडे निफाडला सगळे हेच म्हणतात, औषध मारलं का, औषधाचा पंप दे, औषधाचं बिल थकलंय. विषाला विष म्हटलं असतं तर हात थोडा तरी थांबला असता असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

तुझा दुसरा प्रश्न, मधमाश्यांची पेटी घेऊ का, का सगळं सोडून देऊ. दोन्ही नको. आधी उपाशी महिना शोध, म्हणजे माशीला खायला फुलं नसतात तो. आलीस तेव्हा पायरीवर बसून हेच तीनदा सांगितलं होतं आणि तू मान डोलावून परत मोबाईलमध्ये पेट्यांच्या किमती बघत होतीस, म्हणून आता जरा सविस्तर सांगतो, म्हणजे मी हे का धरून बसलोय ते कळेल.

१९९८ साली माझं अर्धा एकर डोंगळं होतं. डोंगळे म्हणजे कांद्याचं बी धरायला लावतात ते, तू बघितले असशील, दांड्यावर पांढरा गोंडा. एका गोंड्यात शेकड्यांनी फुलं असतात आणि ती एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलतात. त्यात गंमत अशी की फुलातले पराग आधी पिकून सांडतात आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर नंतर तयार होतं, म्हणजे दुसरीकडून पराग आणून देणारं कुणीतरी लागतंच लागतं. फेब्रुवारीत थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, दिसले आणि मी फवारणी घेतली, सकाळी दहाला, ऐन उन्हात, कारण फवारणीवाला गडी तेव्हाच मोकळा होता. दुपारी पाणी बघायला गेलो तर वाफ्यात गोंड्यांखाली माश्या. काही मेलेल्या, जीभ बाहेर आलेली, पायाला परागाचे गोळे तसेच चिकटलेले. काही जिवंत होत्या, पण एकाच जागी भिंगरीसारख्या फिरत होत्या. मी दांडा हलवून बघितला, एक माशी बुटावर पडली. बूट झटकला आणि पाण्याचं दार मोडायला पुढे गेलो. हे मला पक्कं आठवतंय, की मी बूट झटकला.

बी भरलं नाही. गोंडे चोळले तर नुसता भुसा. आणि बांधाला लागून शेजाऱ्याचं पण डोंगळं होतं, त्याने काहीच मारलं नव्हतं तरी त्याचंही पोचट निघालं, माश्या दोन्हीकडे त्याच होत्या ना. तो बांधावर बसून तंबाखू मळत म्हणाला यंदा हवामानच खराब. मी पण म्हटलं हो, हवामान. आज सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली, त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

तर पुढच्या वर्षी मी शहाणा झालो, फुलात फवारणी बंद, घ्यायचीच झाली तर सूर्य बुडाल्यावर, माश्या घरी गेल्यावर. तरी माश्या आल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी पण नाहीत. मी कृषी खात्यापासून सगळ्यांना शिव्या घातल्या. तेव्हा आई म्हणाली, "तू त्यांना फेब्रुवारीत बोलावतोस. बाकीचे अकरा महिने त्यांनी खायचं काय?" शाळेत न गेलेली बाई. मी बांध बघायला गेलो. बांधावर पूर्वी बोरी, बाभळी, दोन करंज, एक मोठा शेवगा होता, खाली एकदांडी, केना असलं काय काय माजलेलं असायचं, ते सगळं मीच काढलं होतं, द्राक्षाची एक ओळ जास्त बसते म्हणून. आता तू म्हणशील का काढलं. अगं तेव्हा सगळेच काढत होते, बँकेचे हप्ते होते, द्राक्षाला भाव होता आणि बांध स्वच्छ ठेवणारा तो चांगला शेतकरी असं आम्हाला सगळे सांगायचे. एका ओळीत काय येतं ते पगारवाल्यांना नाही कळणार. असो. द्राक्षाला तशी माशीची गरज पडत नाही, त्यामुळे चूक कळायलाही उशीर झाला, डोंगळं नसतं लावलं तर बहुतेक कधीच कळली नसती.

म्हणून म्हणतो उपाशी महिना शोध. फुलं किती आहेत हे मोजू नकोस, कुठल्या महिन्यात नाहीत ते मोज. तुझं सगळं फेब्रुवारीत फुललं होतं, तू फोटो टाकलेस, छान दिसत होतं. पण फेब्रुवारीत नाशिकमध्ये माशीला तुझी गरजच नाही, आंब्याचा मोहोर असतो, शेवगा असतो, काटेसावर असते, मग कडुनिंब, जांभूळ, करंज, मे मध्ये बहावा, चिंच. भरल्या ताटात तू अजून एक भजं वाढलंस. खरी तंगी पावसाची. जुलै-ऑगस्टमध्ये फुलं कमी, जी आहेत त्यातला मध धुवून जातो, पराग भिजतात, माशी दिवसचे दिवस घराबाहेर पडू शकत नाही. पेट्या पाळणारे लोक ह्याच दिवसांत साखरेचा पाक देऊन मोहोळ जगवतात. आणि पेटीत पाळतात ती आपली सातेरी माशी मानी आहे, उपास घडला की पेटी सोडून सरळ उठून जाते, तू दुसऱ्या दिवशी झाकण उघडशील तर आत नुसती पोळी आणि मेणकिडा. म्हणून पेटी नको म्हणतोय. माशी किलोमीटरभर सहज फिरते, तुझ्या बारा बाय आठच्या तुकड्यात एका पेटीचं पोट भरत नाही. तू ते महाबळेश्वरजवळच्या मांघरचं रील पाठवलं होतंस ना, २०२२ मध्ये मधाचं गाव झालं ते. तिथे पेट्या आहेत कारण आधी जंगल आहे, जांभूळ आहे, हिरडा आहे, गेळा आहे. आपल्याकडे इंदिरानगरला काय आहे, पेव्हर ब्लॉक.

परवाच मृग लागलाय, म्हणजे अजून वेळ आहे. तीळ आत्ता टाकलास तर जुलैच्या शेवटाला फुलावर येईल. सब्जा अडीच महिने घेतो पण एकदा लागला की थांबत नाही, तुळशीपेक्षा जास्त माश्या मी सब्ज्यावर बघितल्यात. तुळस तर आहेच, फक्त तुझी आई मंजिऱ्या खुडते त्या निम्म्या राहू दे म्हणावं. जाळीवर काकडी आणि भोपळा चढव. पिवळा कॉसमॉस टाक, तो इतका निर्लज्ज आहे की पेव्हरच्या फटीतही येतो. गणपती-नवरात्रात झेंडू सगळेच लावतात, पण ते टप्पोरे हायब्रीड गोंडे माशीच्या काही कामाचे नाहीत, डबल गोंड्यात मधल्या बारीक फुलांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, पराग येणार कुठून? एकेरी लाव. तुझी झिनिया पण डबल आहे, मी बघितली, बोललो नाही. कंपाउंडवरच्या बोगनवेलीचंही तेच, रंगीत दिसतं ते फूलच नाही, आतला पांढरा ठिपका म्हणजे फूल, आणि त्यावर मी फुलपाखरं बघितलीत, माश्या फारशा नाहीत. आणि एक इथे एक तिथे लावू नकोस. माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते, तिला प्रदर्शन नको असतं, एका जातीचा निदान हातभर लांब-रुंद घोळका हवा.

मग ऑक्टोबर. पेठ-त्र्यंबकच्या बाजूला खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, शेतं बघायला घेऊन जाईन तुला, अख्खा उतार पिवळा असतो आणि शेताच्या कडेला उभं राहिलं तरी गुणगुण ऐकू येते. घरी मूठभर खुरासणी टाकलीस तरी येते. नोव्हेंबरला फुलायला तुरीची दोन-चार झाडं मागच्या बाजूला, तुझी पानकापी त्यावर फिदा असते. थंडीत कोथिंबीर, मोहरी, बडीशेप, पण हे खायला लावायचं नाही, फुलू द्यायचं. इथेच सगळे अडतात. कोथिंबीर फुलली की बायका म्हणतात जून झाली, उपटा. आमच्याकडेही हेच भांडण, सून म्हणते पप्पा अंगणाचं रान केलंय, पाहुणे आले की लाज वाटते, मागच्या दिवाळीला मी बाहेरगावी असताना माणूस लावून सगळं साफ करून घेतलं. चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. चुकलंच माझं, पण रान केलंय ते मुद्दाम केलंय हे मी किती वेळा सांगू? नाशिकला एके काळी गुलशनाबाद म्हणायचे, बागांचं गाव, आणि आज बाग म्हटलं की लॉन आणि चार शोभेच्या कुंड्या. लॉन म्हणजे माशीसाठी बाराही महिने उपाशी. गंगापूर रोडवरचे चांगले शिकलेले लोक पाणी घालून घालून उपास वाढवतात, आणि मला अडाणी म्हणतात.

लव्हेंडरचं वाईट वाटून घेऊ नकोस, आपल्या पावसात त्याची मुळं कुजतात. पाकिटातलं बी कुठल्या तरी थंड देशातलं असणार. ते बी हॉटेल पश्चिमेच्या भिंतीवर आहे, संध्याकाळी तवा होतो तिथे. उतरव, पूर्वेला सावलीत लाव, नाहीतर बोरूच्या पोकळ काड्यांची जुडी बांधून पत्र्याखाली ठेव, फुकटात होतं. आणि मागचे चार पेव्हर काढ. तू हसशील, पण एकट्या राहणाऱ्या बऱ्याच माश्या जमिनीतच बिळं करतात, त्यांना उघडी माती लागते. उथळ ताटलीत खडे ठेवून पाणी ठेव, खडे पाण्याच्या वर आले पाहिजेत नाहीतर बुडून मरतात, आणि एक दिवसाआड बदल, डेंग्यूचे डास झाले तर तुझ्या सोसायटीवाल्यांना आयतंच कारण.

वर्षाची वही कर. महागडी नको, बँकेच्या कॅलेंडरच्या मागे बारा रकाने पाड. तुझ्या अंगणात आणि तुझ्या गल्लीत, दोन्ही, कारण माशीला कंपाउंड कळत नाही, कुठल्या महिन्यात काय फुललं ते लिही. समोरच्यांचा शेवगा, कोपऱ्यावरचा करंज, मोकळ्या प्लॉटमधली एकदांडी, सगळं लिही. जो रकाना रिकामा राहील तो तुझा. बाकीचे भरलेले असले तर त्यात एक रोप लावू नकोस, कितीही सुंदर दिसो, नर्सरीवाला कितीही म्हणो मॅडम हे घ्या. हे तुला कंजूसपणाचं वाटेल. पण तुझ्याकडे बारा बाय आठ आहे, माझ्याकडे साडेचार एकर होतं आणि मी ते असं वापरलं.

हे एवढं केलंस तरी पहिल्या वर्षी काही होईलच असं नाही. मला बांधावर परत फुलोरीचं, म्हणजे त्या छोट्या रानमाशीचं, एक मोहोळ दिसायला सहा पावसाळे गेले. तळहाताएवढं, बोरीच्या फांदीवर. आईला दाखवायला न्यायचं होतं तोवर तिचे गुडघे गेले होते, मग फोटो काढून आणला, तर म्हणाली नीट दिसत नाही.

शनिवारी ये. तीळ, सब्जा, खुरासणी पुड्या बांधून ठेवतो. कॅलेंडर घेऊन ये, निदान आठवेल तेवढे रकाने भरून, ऑगस्टचा तर आधी भर. गुलाबाची ती पानं खुडू नकोस, राहू देत तशीच. आणि मला माहितीये तू दुकानातून बाटली आणून ठेवलेली असणार, विचारायच्या आधीच आणली असशील. सील फोडलं नसेल तर दुकानदाराला परत दे, घेतो तो. फोडलं असेल तर बेसिनमध्ये ओतू नकोस, झाकण घट्ट लावून माझ्याकडे घेऊन ये.

तुझा काका