नातेवाईकाने वॉर्डातल्या ज्युनिअर सिस्टरला धमकावलं. पोलीस तक्रार तिने द्यायची की हॉस्पिटलने?

हॉस्पिटलने द्यावी, इन्चार्ज म्हणून तुमचं काम तिला पोलीस चौकीत एकटी न पाठवण्याचं आहे. महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसेविरुद्धचा कायदा आहे. नुसती मारहाणच नव्हे, तर ड्युटीवर असताना धमकावणं आणि कामात अडथळा आणणंही त्यात हिंसाच धरलंय. त्यात डॉक्टरांबरोबर नर्स आणि नर्सिंगचे विद्यार्थीही येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड. शिवाय ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने आपल्या रुग्णालयांना पत्रक काढून अशा प्रकारात 6 तासांच्या आत संस्थेच्या नावे एफआयआर करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली. तुमचं हॉस्पिटल केंद्राचं नसलं तरी प्रशासनापुढे ठेवायला हा दाखला चांगला.

त्याच शिफ्टमध्ये एवढं करा:
- तिला त्या बेडवरून हलवा, पेशंट तुम्ही किंवा दुसरी सिस्टर घ्या.
- "तू काय बोललीस त्याला?" हा प्रश्न आधी नको. (आपल्याकडे नेमका तोच आधी येतो.)
- घटना, वेळ, साक्षीदार लिहून मेट्रनकडे द्या. सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवायला लेखी सांगा.
- घरी जायचं की ड्युटी पुरी करायची, हे तिला ठरवू द्या. गेली तर तिची रजा कापली जाणार नाही, हे तुम्ही बघा.

एक मात्र आहे: फक्त आवाज चढवून बोलणं या कायद्यात बसेलच असं नाही. तिथे आधी मेडिकल सुपरिंटेंडेंटनी नातेवाईकांना बोलावून समज द्यावी.