माळ्यावर सापडलेला, वर दांडा असलेला जुना टेप कोणता? त्याला रिवाइंड का नाही?

वर्णनावरून हा पॅनासोनिकचा ‘डायनामाइट एट’ दिसतो, १९७० च्या दशकातला एट-ट्रॅक प्लेअर, म्हणजे कार्ट्रिज नावाच्या डबीतली फीत वाजवणारा टेप. रिवाइंडचं बटण तुटलेलं नाही, ते नसतंच! कार्ट्रिजमध्ये एकाच चकरीवर अखंड फीत असते. आतून निघते, बाहेरून गुंडाळली जाते, म्हणून उलटी फिरत नाही. दांडा दाबला की फीत वाचणारं हेड सरकून पुढचा प्रोग्रॅम, म्हणजे फितीवरचा गाण्यांचा पुढचा संच लागतो, असे चार. विहिरीच्या सुरुंगाचा खटका दाबल्यागत वाटतं, मला तोच भाग फार आवडतो.

लावण्याआधी कार्ट्रिजच्या तोंडाशी असलेला रबरी रोलर बोटानं दाबून पाहा. आमच्या वर्ध्याच्या उन्हाळ्यात माझ्या एका कार्ट्रिजचा रोलर डांबरासारखा पाघळला अन् आख्खी फीत त्यात गुंतली. बोटाला चिकटत असेल तर अजिबात लावू नका.