क्रिप्टिक शब्दकोड्याचं उत्तर दिसतं, पण ते ‘का’ हे कळत नाही. कसं शिकायचं?

तुम्ही लिहिलंय की इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक कोडं रोज घेऊन बसता, दुसऱ्या दिवशी छापलेली उत्तरं बघता, आणि तरीही ती कुठून आली याचा पत्ता लागत नाही. मीही दोनेक वर्षं तसाच चाचपडत होतो.

मला वाट दाखवली ती डोंबिवली लोकलमधल्या एका काकांनी. बसायला मिळालं की ते पेपरची हातात मावेल एवढी घडी घालत आणि पेन्सिल काढत. उत्तर लिहायच्या आधी क्लूमधल्या, म्हणजे उत्तर सुचवणाऱ्या ओळीतल्या, दोन शब्दांच्या मध्ये एक बारीक उभी रेघ मारत. कधी ती खोडून एक शब्द पुढे सरकवत. शेवटी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, “सांधा शोधतोय हो.”

क्रिप्टिक क्लूला दोन तुकडे असतात. एका तुकड्यात उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि तो क्लूच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी येतो, मध्ये नाही. दुसऱ्या तुकड्यात तेच उत्तर अक्षरांची मोडतोड करून घडवायची कृती असते. कंसातला आकडा म्हणजे अक्षरं किती. हे दोन तुकडे काकांच्या त्या सांध्यावर असे चिकटवलेले असतात की वाचताना एकच साधं वाक्य वाटावं. त्या वाक्याच्या गोष्टीत आपण रमलो की फसलो.

इंग्रजी स्पेलिंगं देवनागरीत फोडत बसण्यापेक्षा मीच मराठीत केलेले क्लू घेतो. खेळ तोच.

‘मोडलेलं कलम चिखलात उगवतं (३)’. वाचल्यावर आंब्याचं कलम डोळ्यांसमोर येतं ना? ते विसरा. रेघ ‘कलम’नंतर मारा. उजवीकडे उरतं ‘चिखलात उगवतं’, हा अर्थ. डावीकडे ‘मोडलेलं’ सांगतंय की क, ल, म ही अक्षरं विस्कटा. कमल. (कमळ नाही, कारण कलममध्ये ळ नाही. इतका काटेकोरपणा लागतो.) इंग्रजीत हीच खूण ब्रोकन, ड्रंक, क्रेझी असल्या शब्दांनी देतात. क्लूमध्ये कुणी प्यायलेलं, वेडं किंवा अपघातात सापडलेलं दिसलं की आधी शेजारच्या शब्दाची अक्षरं मोजायची. ती कंसातल्या आकड्याशी जुळली तर बहुधा काम झालं. आणि विस्कटायचा शब्द समोर छापलेला हवा. ‘मोडलेली लेखणी’ असं लिहून आधी कलम ओळखा, मग ते मोडा, ही लबाडी धरतात.

आता माझा लाडका: ‘रसा गरम, पण त्यात खारं पाणी फार (३)’. खानावळीतली तक्रार वाटते. ‘त्यात’ ही खूण आहे: आधीच्या शब्दांच्या पोटात बघा. र-सा-ग-र-म. मधली तीन अक्षरं सागर, आणि ‘खारं पाणी फार’ हा त्याचा अर्थ. ‘पण’ नुसता सांधा. हा मी कोल्हापूरच्या मित्राला घातला, तर तो म्हणाला, रसा कसला, रस्सा म्हण. रस्सा म्हटलं की ‘स्सा’ हे एकच जोडाक्षर एका घरात बसतं, त्यातला ‘सा’ सुटा काढता येत नाही, आणि समुद्र आटतो!

‘हल्ल्यामागे हत्ती, पंढरीचा वाटसरू (४)’ हा नुसत्या जोडणीचा. हल्ला म्हणजे वार, हत्तीला संस्कृतातून आलेला शब्द करी, एकामागे एक ठेवले की वारकरी. इथे करी माहीत नसेल तर अडलंच. इंग्रजीत असले शब्द शेकड्यांनी आहेत आणि ते बुद्धीने सुटत नाहीत, पाठच करावे लागतात: क्वायट म्हणजे पी, कारण संगीताच्या लिपीत हळू वाजवायची खूण म्हणून ‘पियानो’ (इटालियनमध्ये ‘हळू’) या शब्दाचा पी लिहितात, लव्ह म्हणजे ओ, टेनिसमधलं शून्य, वर्कर म्हणजे बऱ्याचदा अँट. आणि फ्लॉवर म्हटलं की फूल असेलच असं नाही. फ्लो होते ती फ्लो-अर, म्हणजे नदी! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला चक्क राग आला होता.

काही क्लूंमध्ये मोडतोड नसते, नुसता श्लेष असतो: ‘नाटकात असतं, नदीलाही असतं (२)’. पात्र. यात दोन्ही तुकडे अर्थाचेच. आणि कधी सांधाच नसतो, अख्खा क्लू एक थट्टा असते. इंग्रजीतला गाजलेला नमुना म्हणजे ‘एच आय जे के एल एम एन ओ (५)’. एचपासून ओपर्यंत, एच टू ओ, म्हणून वॉटर. त्याचाच भाऊ ‘जीईजीएस (९, ४)’. एग्जची अक्षरं विस्कटलीत, म्हणून स्क्रॅम्बल्ड एग्ज.

तुमचा खरा प्रश्न ‘का’चा आहे, म्हणून हे सांगतो. उत्तर सुचलं म्हणजे सुटलं असं धरू नका. क्लूमधल्या एकेका शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, तू इथे काय करतोयस? प्रत्येक शब्दाला काम मिळालं पाहिजे: अर्थ, कच्चा माल, खूण किंवा सांधा. एक जरी शब्द रिकामा बसलेला दिसला तर उत्तर चुकलंय, किंवा बरोबर असूनही तुम्हाला कळलेलं नाही. ए. एफ. रिची हे इंग्लंडमधले कोडेकार ‘आफ्रिट’ या टोपणनावाने कोडी रचत. त्यांनी १९४९ मध्ये याचा नियम लिहून ठेवला. मराठीत सांगायचा तर: मी जे म्हणतो ते माझ्या मनात असेलच असं नाही, पण जे मनात आहे ते मी म्हटलेलंच असलं पाहिजे. फसवायला मुभा आहे, खोटं बोलायला नाही.

हा नियम मराठीत पाळायला फार जड जातो. मी एकदा मोठ्या खुशीत ‘पीक उलटवलं माकडानं (२)’ असा क्लू केला. पीक उलटं लिहा, कपी. काकांनी पेन्सिल ‘माकडानं’वर टेकवली. “हे कपीनं झालं. तुमचं उत्तर तर कपी आहे.” आमचे प्रत्यय अर्थाच्या तुकड्याला असे चिकटून बसतात. इंग्रजीत हा ‘बाय’ सुटा असतो, तिथे कोडेकाराला हा त्रास नाही. दोन स्टेशनं गेल्यावर सुचलं: ‘पीक उलटवून येतं माकड (२)’. आता ‘येतं’ हा सांधा झाला आणि माकड प्रत्ययाशिवाय मोकळं उभं राहिलं.

सरावासाठी महिनाभर कोडं सोडवूच नका. ‘द हिंदू’चं रोजचं क्रिप्टिक घ्या, उत्तरं शेजारी ठेवा, आणि उत्तराकडून क्लूकडे उलटे चालत जा. प्रत्येक क्लूत रेघ मारा आणि समासात ‘का’ लिहा. दिवसाला पाच पुरे. जो उलगडत नाही तो कापून वहीत चिकटवा. माझ्या वहीतले काही चार-चार वर्षांनी उलगडले, एक तर दाढी करताना.

आजच्यापुरता हा घ्या: ‘राधा माघारी फिरली, पावसाच्या सरी (२)’. कमेंटमध्ये नुसतं उत्तर नको, रेघ कुठे मारली तेही लिहा.