इमारतींचे मल्टिपल एक्स्पोजर काढले की फोटो गढूळ का होतो? कॅमेऱ्यात करावं की फोटोशॉपमध्ये?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबईच्या फोर्ट भागातल्या जुन्या इमारतींचे पाच-सहा फोटो तुम्ही फोटोशॉपमध्ये एकावर एक टाकून मल्टिपल एक्स्पोजर करता, प्रत्येक थराची ओपॅसिटी (थर खालचं किती झाकतो ते प्रमाण) ५० टक्के ठेवता, आणि हाती नुसता करडा चिखल लागतो. मग हे कॅमेऱ्यातच करायला हवं का, आणि करून झाल्यावर त्याला फाइन आर्ट म्हणायचं का, असंही विचारलंय.

आधी त्या ५० टक्क्यांचा हिशोब करू, कारण अर्धा चिखल तिथेच कालवला जातोय. सहा थर असतील आणि वरच्या पाचही थरांना ५० दिलंत, तर सगळ्यात वरच्या फोटोचा वाटा ५० टक्के, त्याखालच्याचा २५, मग साडेबारा, सव्वासहा, आणि तळाच्या दोघांच्या वाट्याला जेमतेम तीन-तीन टक्के. म्हणजे तुम्ही सहा फोटो वापरता आणि दिसतात दोन-अडीच. सगळ्यांना सारखा वाटा हवा असेल तर तळाचा थर १००, दुसरा ५०, तिसरा ३३, चौथा २५, पाचवा २०, सहावा १७ अशी उतरती ओपॅसिटी द्यायची. किंवा सगळे थर एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये (अनेक थर एकत्र बांधलेली गठडी) घालून स्टॅक मोड ‘मीन’ म्हणजे सरासरी करायचा, तेच होतं. शेजारच्या ‘मीडियन’च्या वाटेला जाऊ नका. तो फ्रेममधून ये-जा करणारी माणसं पुसून टाकतो, आपल्याला बहुधा तीच भुतासारखी हवी असतात.

एवढं करूनही गढूळपणा पुरता जाणार नाही. सहा फोटोंची सरासरी काढली की एकाच फोटोत असलेली गडद रेघ सहाव्या हिश्श्यानेच उरते. जी रेघ सहाही फोटोंत त्याच जागी आहे, ती मात्र पूर्ण जोरात टिकते. कुठल्या रेघा एकमेकींवर बसणार आणि कुठल्या विस्कटणार, हे शटर दाबण्याआधी ठरलेलं असावं लागतं. सगळंच हललं तर डोळ्याला धरायला काही राहत नाही. मी याला खुंटा म्हणतो. खुंटा एकच पुरतो: घड्याळाच्या मनोऱ्याचा मधला अक्ष, छज्जाची एक लांब रेषा, नाहीतर नुसती जमिनीची ओळ.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण इद्रिस खान या ब्रिटिश कलाकाराचं आहे. बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने काही दशकं गॅसच्या टाक्या, पाण्याचे मनोरे, उतरत्या छपरांची घरं असलं सगळं एकाच शिस्तीत टिपलं होतं: समोरून, मध्यावर, फ्रेममध्ये एकाच आकाराचं, आणि वर ढगाळ, बिनसावलीचं आकाश. खानने २००४ च्या सुमारास त्यांचे हे फोटो एकावर एक रचले. जे तयार झालं ते दुरून कोळशाने काढलेल्या चित्रासारखं दिसतं, मधला सांगाडा घट्ट आणि कडा थरथरत्या. लोक त्या थरथरीचं कौतुक करतात. माझ्या मते खरं श्रेय बेखरांच्या कंटाळवाण्या शिस्तीलाही तितकंच आहे, तिच्याशिवाय तिथेही चिखलच झाला असता. तुमचे पाच फोटो पाच कोनांतून आणि पाच वेगळ्या उजेडांत काढलेले असणार, पैज लावायला तयार आहे.

आता मुंबईकडे येऊ. तुम्ही फोर्टमध्ये फिरताच आहात, तर ओव्हल मैदानावर जा. या कामासाठी याहून सोयीची जागा मला ठाऊक नाही. पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि हायकोर्ट ही एकोणिसाव्या शतकातली गॉथिक रांग. पश्चिमेला १९३० च्या दशकातली आर्ट डेकोची रांग, गोलाकार कोपरे आणि बाल्कन्यांवर भुवयांसारखे आडवे छज्जे. ती रांग बॅकबेच्या भरावावर उभी आहे. त्याआधी टॉवरसमोर मैदान आणि मैदानापलीकडे समुद्र होता. युनेस्कोने २०१८ मध्ये या दोन्ही रांगा मिळून एकच वारसास्थळ म्हणून यादीत घेतल्या, पण मैदानात उभं राहून एका वेळी एकच दिसते. दुसरी बघायला पाठ फिरवावी लागते. दोन एक्स्पोजर करायला याहून सबळ कारण काय हवं?

उजेडही इथे आपल्या बाजूने आहे. सकाळी सूर्य गॉथिक रांगेच्या मागे असतो, त्यामुळे राजाबाई टॉवर जवळजवळ काळा दिसतो. त्याच वेळी डेकोच्या दर्शनी भागांवर थेट ऊन पडलेलं असतं. आणि उजेडाची बेरीज करणाऱ्या मल्टिपल एक्स्पोजरचं मूळ सूत्र हेच की काळ्या भागात जागा रिकामी असते, पांढरा भाग भरलेला असतो. पहिल्या फ्रेममध्ये जिथे आकाश जळून पांढरं झालं, तिथे नंतर काहीही टाका, उमटणार नाही. जिथे टॉवर काळा राहिला, तिथे दुसरी फ्रेम आपोआप भरते.

तेव्हा पहिली फ्रेम टॉवरची. उजेडाची मोजणी आकाशावर करायची आणि ते नुकतंच जळेल इतकं एक्स्पोजर वर न्यायचं. मग पाठ फिरवून डेको. इथे लेन्स लांब करा, फ्रेममध्ये आकाश अजिबात येऊ देऊ नका, काठापासून काठापर्यंत नुसत्या बाल्कन्या आणि छज्जे. आकाशाचा तुकडा शिरला की तो टॉवरच्या डोक्यावर पांढरा डाग होऊन बसतो. दुसऱ्या फ्रेमचं एक्स्पोजर एखादा स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) ठेवलं की टॉवरचं काळेपण थोडं शिल्लक राहतं आणि आकार टिकतो. सगळं जुळलं तर टोकदार मनोऱ्याच्या पोटात आडव्या छज्जांच्या ओळी चढत गेलेल्या दिसतात.

दोन बारकावे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे असतो, म्हणून तो टॉवरआड लपवायला मैदानात जरा उत्तरेकडे सरकावं लागतं. आणि टॉवर ८५ मीटर उंच असल्यामुळे कॅमेरा वर करायचा मोह होतो. वर केलात की उभ्या रेषा आत झुकतात, आणि एका फ्रेममध्ये झुकलेल्या, दुसरीत सरळ असल्या की दोन्ही भांडतात. मी कॅमेरा सपाट ठेवतो, वाइड घेतो आणि खालचं मैदान नंतर कापतो. (क्रिकेटवाल्यांना कापताना वाईट वाटतं, हे खरं.)

संध्याकाळी सगळं उलटं होतं, डेको काळी आणि गॉथिक उजळलेली. करून बघायला हरकत नाही, पण डेकोची रांग बुटकी आणि सपाट, तिच्या काळ्या आकारात कमानी नीट मावत नाहीत. मला ते कधी फारसं रुचलं नाही.

कॅमेरा की फोटोशॉप, याबद्दल लोक उगाच हमरीतुमरीवर येतात. कॅनन, निकॉन आणि फुजीच्या बऱ्याच बॉड्यांमध्ये मल्टिपल एक्स्पोजर आहे, आणि अनेकांत चार पद्धती मिळतात: बेरीज, सरासरी, ‘ब्राइट’ आणि ‘डार्क’. सोनीवाल्यांना बहुतेक वेळा कॉम्प्युटरच गाठावा लागतो. वर सांगितलेला टॉवरचा प्रयोग बेरजेत करायचा. बेरजेत उजेड साठत जातो, म्हणून दोन सारख्या उजळ फ्रेम असतील तर प्रत्येकी एक स्टॉप कमी, चार असतील तर दोन स्टॉप, आठ असतील तर तीन. ‘डार्क’मध्ये दोन्हींतलं जे काळं ते उरतं, त्यामुळे पांढऱ्या आकाशात दुसऱ्या इमारतीच्या रेघा उतरतात. लोखंडी जाळ्या, जिने, बांधकामाच्या परांच्या यांना ती पद्धत फार शोभते.

फोटोशॉपमध्ये ‘स्क्रीन’ ब्लेंड बेरजेच्या जवळ जातो आणि ‘डार्कन’ म्हणजे कॅमेऱ्यातला ‘डार्क’. निकाल हुबेहूब मात्र येत नाही. कॅमेरा कच्च्या उजेडाची बेरीज करतो आणि फोटोशॉप सहसा आधीच वक्र लावलेल्या (म्हणजे डोळ्याला बरं दिसावं म्हणून उजळ-गडद बदललेल्या) आकड्यांची, त्यामुळे मधल्या छटा वेगळ्या पडतात. माझं म्हणणं विचाराल तर सुरुवातीला कॅमेऱ्यातच करा. पवित्र म्हणून अजिबात नाही. पहिल्या फ्रेमची पुसट प्रतिमा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, दिसत असताना दुसरी जुळवायची सवय लागली की डोळा आपोआप काळ्या जागा शोधायला लागतो. ती सवय लागल्यावर कुठेही जोडा. फोर्टात ट्रायपॉड उघडला की कुठून तरी शिट्टी वाजण्याची शक्यता असतेच, त्यामुळे हातात धरून जुळवता येणं व्यवहारातही उपयोगी पडतं.

राहिला फाइन आर्टचा प्रश्न. सीएसएमटीभोवती गोल फिरून काढलेले वीस फोटो एकत्र केले की काहीतरी सुंदर, धूसर असं दिसतंच. पेप व्हेंतोसा या कातालान छायाचित्रकाराने ही गोल फिरायची पद्धत इतकी छान वापरली की आता तिची नक्कल लगेच ओळखू येते. मी असं चित्र बघतो तेव्हा पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की एकाहून अधिक फ्रेम का लागल्या? कोरीन व्हिओने ही कलाकार इंटरनेटवरचे अनोळखी पर्यटकांचे फोटो रचून ताजमहाल आणि आयफेल टॉवरची चित्रं करते. तिथे उत्तर चित्रातच आहे: हजारो लोक जवळजवळ त्याच जागी उभे राहून तोच फोटो काढतात. ओव्हलच्या चित्रातही ते आहे. ‘इफेक्ट भारी आला’ एवढंच उत्तर असेल तर प्रिंट भिंतीवर लावा, खुशाल लावा, पण प्रदर्शनात दहा चित्रं ओळीने लागली की तिसऱ्यापाशीच माणूस कंटाळतो.

प्रिंटबद्दल एवढंच सांगतो. सरासरीच्या चित्रांत सगळ्या छटा हिस्टोग्रामच्या (उजळ-गडद छटांच्या आलेखाच्या) मधोमध गोळा झालेल्या असतात, आणि मॅट कॉटन पेपर काळा रंग चकचकीत कागदाइतका खोल देत नाही. स्क्रीनवर ठीक वाटणारं चित्र त्या कागदावर पुन्हा गढूळ होतं. कर्व्हमध्ये काळं टोक मुद्दाम आत, उजवीकडे ओढा आणि मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच कागदावर छोटा तुकडा छापून घ्या. स्पर्धेला पाठवणार असाल तर नियमांत ‘कॉम्पोझिट’ चालतं का ते आधी वाचा. काही ठिकाणी कॅमेऱ्यातलं मल्टिपल एक्स्पोजर चालतं आणि कॉम्प्युटरवर जोडलेलं चालत नाही, म्हणून कॅमेऱ्यात केलं असेल तर मूळ फ्रेमही जपून ठेवा, म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येतील.