शेताच्या धुऱ्यावरून भांडणाऱ्या शेजाऱ्यावरही ख्रिस्ती माणसानं प्रेम करायचं का?

हो, त्याच्यावरही. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे मूळचं बायबलच्या जुन्या करारातल्या ‘लेवीय’ या पुस्तकातलं (१९:१८); त्याच ओळीत सूड घेऊ नको, असंही आहे. येशूनं ते देवावरच्या प्रीतीच्या आज्ञेला (जुन्या करारातलंच ‘अनुवाद’ हे पुस्तक, ६:५) जोडलं.

‘पण माझा शेजारी कोण?’ असं एका शास्त्र्यानं, म्हणजे यहुदी नियमशास्त्राच्या जाणकारानं, येशूला विचारलंच होतं. उत्तरादाखल येशूनं नव्या करारातल्या लूक १० मधली गोष्ट सांगितली. लुटारूंनी अर्धमेला टाकलेला माणूस पाहून याजक (यहुदी पुरोहित) नि लेवी (मंदिरसेवक) बाजूनं निघून गेले. थांबला तो शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या त्या लोकांपैकी, ज्यांच्याशी यहुदी संबंधच ठेवत नसत. त्यानं जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दिनार भरले; म्हणजे दोन दिवसांची मजुरी. शेवटी शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्दही निघत नाही, ‘दया करणारा’ एवढंच तो म्हणतो. (आपल्या गावातही काहींची नावं अशीच टाळतात.)

म्हणून धुरा सोडून द्या, असं माझं म्हणणं नाही. सरकारी मोजणी आणा. पण त्याच्या कपाशीत ढोरं शिरली तर हाकला, आणि रात्री त्याच्या घरी कुणाला साप चावला तर गाडी काढा.