जावेशी बोलले तर घरचे मला फितूर म्हणतील का?

"ताई, मी जावेसंगं बोलली का धनी म्हणते, तू त्याईच्याच बाजूची. मी मधात कायले पडू?"

वावराच्या भांडणातून आलेल्या बाया बहुधा याच प्रश्नावर येऊन थांबतात. ही यवतमाळकडची, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

दोन चुलतभाऊ. त्यांच्या बापांनी वावरांची तोंडी अदलाबदल केलेली. नाल्याकडचं हा कसतो, सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचं, विहिरीकडच्याचं उलट. वर्षानुवर्षं कुणाचं काही अडलं नाही. मग एकानं आपल्या सातबाऱ्यावर पीककर्ज काढलं, ते थकलं, आणि दुसरा कसत असलेल्या वावरावर बोजा दिसायला लागला. पोळ्याला काठ्या निघाल्या.

नवऱ्याची समजूत घाल, असं मी तिला म्हटलं नाही. नाल्याकडची कपाशी कोण वेचतं, एवढंच विचारलं. ती सुरूच झाली. मोहाच्या झाडापर्यंत आपली पऱ्हाटी, मधात तुरीचं तास, लग्न होऊन आली तेव्हापासून असंच. सांगता सांगता जावेचं वावरही तिनं धुऱ्यासकट सांगून टाकलं. पुढे जावेनं सांगितलेलं त्याच्याशी जुळलं. निंदण-वेचणीला वर्षभर बायाच वाकलेल्या असतात, पण वहिवाट कुणाची हे त्यांना कोण विचारतं?

दोघी एकाच बचत गटातल्या. बोलणं तिथेच ठेवलं आणि दोन्ही घरी सांगून. चोरून बोललं की फितुरीचा शिक्का बसतोच. कोणाचं चुकलं, हा विषय बंद. बोजा कसा उतरेल, तेवढंच.

अशी अदलाबदल सातबाऱ्यावर आणायला राज्य शासनाची 2023 ची सलोखा योजना आहे. ताबा किमान 12 वर्षांचा हवा. तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात. मुद्रांक शुल्क 1000 आणि नोंदणी फी 1000 रुपये. मुदत चालू आहे ना, हे तलाठ्याला आधी विचारा.

दोन गोष्टी मात्र मी बजावते. हातात कुऱ्हाड असेल किंवा दारू चढली असेल, तर मधे पडायचं नाही, 112 लावायचा. आणि 'शांततेसाठी' म्हणून कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं, तर सही करायची नाही. तडजोडीच्या नावाखाली बाईचाच हिस्सा जाताना मी फार पाहिलाय.

भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. कर्जाचा पहिला हप्ता भरलाय, आणि पंचनाम्याला साक्ष द्यायला दोघी जावा जाणार आहेत.