तेवीस खोकी आणि एक मार्कर

"मॅडम, मला होर्डिंग डिसऑर्डर आहे का हो?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच काकूंनी विचारलं. वय 61. मुलाने कुठलंतरी रील बघून आईचं निदान करून टाकलेलं. कारण काय, तर लालबागची चाळ सोडून डोंबिवलीला येऊन 9 वर्षं झाली आणि तेव्हाच्या 23 खोक्यांची सुतळीसुद्धा अजून सुटली नव्हती, अर्धी माळ्यावर, अर्धी गॅलरीत ताडपत्रीखाली. (परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतोच, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. होर्डिंग, म्हणजे वस्तू साठवतच राहणं, हा 2013 पासून, डीएसएम-5 (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) आलं तेव्हापासून, स्वतंत्र आजार म्हणून धरतात. त्यात वस्तू टाकायच्या नुसत्या विचाराने जीव घाबरा होतो, फाटकी पिशवी काय नि चांगली कढई काय, सगळंच लागेल असं वाटतं, आणि पसारा इतका चढतो की ओट्यावर स्वयंपाक होत नाही, पलंगावर झोपता येत नाही. घरात असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, त्यावर उपचार आहेत. आणि उतारवयात हे अचानकच सुरू झालं असेल तर आधी डॉक्टर, कारण डिमेन्शियातही (स्मृतिभ्रंशातही) माणसं साठवायला लागतात. काकूंचं यातलं काहीच नव्हतं. ओटा लख्ख, रद्दी महिन्याच्या महिन्याला जाते, जुने कपडे बोहारणीला. गाडं अडलेलं ते फक्त त्या खोक्यांपाशी.

आता माझी चूक. मी त्यांना तो सगळीकडे फिरणारा नियम सांगितला, वर्षभरात वापरलं नाही ते काढून टाका. काकू हो हो म्हणाल्या आणि पुढचा सव्वा महिना आल्याच नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, पुरणयंत्र मी होळीलाच काढते, मोदकपात्र गणपतीत. तुमच्या हिशोबाने टाकायची का?" मी गप्प. आमच्याकडे हे नियम येतात ते बाहेरून येतात, सणवार बघून कोणी केलेले नसतात.

मग मी त्यांना खोकं उघडून दाखवायला सांगितलं, एकच, तेही फोनवर फोटो काढून. फोटोत स्टीलचा एक डबा होता, झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, त्याखाली 'मुंजीप्रीत्यर्थ' आणि 1974. नाव काकूंच्या मिस्टरांचं नव्हतं. "हे भाऊजींचं", काकू म्हणाल्या, आणि बोलता बोलता आवाज एकदम खाली गेला, "मी कशी टाकू?"

तिथे मला कळलं की आपण भलताच प्रश्न विचारत होतो. ठेवायचं की टाकायचं हे त्या ठरवूच शकत नव्हत्या कारण सामान त्यांचं नव्हतंच, त्या नुसत्या राखणदार होत्या. सासूबाई गेल्या, दोनच महिन्यांत चाळ रिकामी करायची नोटीस आली, भाऊजी पुण्याला, वन्सं नाशिकला, तर मोठी सून म्हणून सगळं टेम्पोत भरून यांनी आणलं. सांभाळा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, टाका असंही नाही.

मी एकच काम दिलं. काहीही टाकायचं नाही. जाड मार्कर घ्यायचा आणि प्रत्येक खोक्यावर लिहायचं, हे कोणाचं.

तीन आठवड्यांनी हिशोब घेऊन आल्या. सासूबाईंची 7, वन्संची 6 (त्यात रुखवताचं विणलेलं तोरण आणि थर्माकोलचा राजवाडा, त्याचा चुरा झालेला), भाऊजींची 4, मुलाची 3, स्वतःची 2 आणि एक चक्क चाळीच्या गणपती मंडळाचं, झांजा आणि मखमली पडदा. निदान करणाऱ्या चिरंजीवांच्या तीन खोक्यांत शाळेच्या ट्रॉफ्या आणि टेपच्या कॅसेटी होत्या हे सांगताना काकू पहिल्यांदा हसल्या.

फोन करायला त्यांना अजून दहा दिवस लागले. वन्संना काय वाटेल, वाईटपणा येईल, हेच. आम्ही पहिलं वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. वन्सं काय म्हणाल्या असतील? "अहो वहिनी, मला वाटलं तुम्हाला हवंय म्हणून तुम्ही नेलंत!" नऊ वर्षं दोघी एकमेकींसाठी गप्प. त्या येऊन तोरण आणि एक परात घेऊन गेल्या, बाकी मोडीत घाला म्हणाल्या. भाऊजींनी फक्त मुंजीचा डबा मागितला. झांजा मंडळाकडे गेल्या. पितळेच्या घंगाळात मुलाला शेवंती लावायची होती, काकूंनी साफ नाही म्हटलं, मला आवडलं ते.

सासूबाईंच्या सातातली पाच खोकी रिकामी झाली. राहिलेल्या दोनांत त्यांची नऊवारी लुगडी आहेत, त्यांची सुतळी काकूंनी सोडून बघितली आणि परत बांधली. मुलाने मला फोन करून विचारलं, तेवढ्याचं काय? मी म्हटलं, दिवाळीपर्यंत विषय काढू नकोस. कुठल्या दिवाळीपर्यंत ते मी सांगितलेलं नाही.